१९४४ चे सेंट लुईस ब्राउन्स : युद्धकाळातले विजेतेपद कमी मोलाचे मानावे का?

धावफलक

नमस्कार. जुन्या क्रिकेटच्या नोंदी जमवण्याचा मला नाद आहे, आणि गेली दोन वर्षे मी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोणते खेळ चालू राहिले, कोणते थांबले आणि जे चालू राहिले ते कोणाच्या बळावर, याची टिपणे काढत आहे. इंग्लंडमधील काउंटी अजिंक्यपद स्पर्धा १९४० ते १९४५ या काळात बंद होती, पण त्याच वर्षांत मुंबईला ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी (हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि शेष अशा पाच संघांचे) सामने भरत होते आणि लोक त्यांना गर्दी करत होते. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध शेष संघावर फॉलोऑनची पाळी आली आणि दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांनी काढल्या. त्या डावाबद्दल बोलताना 'तेव्हा युद्ध होते' असे म्हणून कोणी त्याचे मोल कमी केल्याचे मी ऐकलेले नाही.

अमेरिकेतील बेसबॉलबद्दल वाचताना मात्र निराळाच अनुभव येतो. सेंट लुईस ब्राउन्स या संघाने १९४४ साली अमेरिकन लीग जिंकली, आणि त्या शहरातल्या त्यांच्या साऱ्या वास्तव्यात एवढे एकच विजेतेपद त्यांना मिळाले. पण त्याचा उल्लेख जिथे जिथे येतो, तिथे लगोलग असा शेरा असतो की चांगले खेळाडू सैन्यात गेले होते आणि उरलेल्यांत हा संघ पहिला आला, एवढाच याचा अर्थ. हा शेरा न्याय्य आहे का? तो मोसम प्रत्यक्षात कसा गेला, हे जाणकारांनी थोडे विस्ताराने सांगितल्यास मी आभारी राहीन. बेसबॉलचे नियम मला जेमतेम येतात, तेव्हा तेवढे गृहीत धरून लिहावे ही विनंती.

मिसिसिपीकाठ

मी सेंट लुईसमध्ये एकवीस वर्षे राहत आहे. ग्रँड अव्हेन्यू आणि डोडियर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर जिथे ब्राउन्सचे मैदान, स्पोर्ट्समन्स पार्क, उभे होते, तिथे आता मुलामुलींचा एक क्लब आहे आणि जुन्या मैदानाच्याच जागेवर आजही मुले बेसबॉल खेळतात. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी तिथे कुंपणाशी उभा राहून एक सामना पाहिला होता, आणि तेव्हापासून या संघाबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. त्यामुळे थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

आधी ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी. त्या काळी अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग होत्या. प्रत्येकीत आठ संघ असत, प्रत्येक संघ एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत १५४ सामने खेळे, आणि सर्वाधिक जिंकणाऱ्या संघाला लीगचे विजेतेपद, म्हणजे तिकडच्या भाषेत पेनंट, मिळे. मग दोन्ही विजेत्यांमध्ये वर्ल्ड सिरीज होई. मधल्या फेऱ्या, बाद फेऱ्या असला प्रकार नव्हता. साडेपाच महिन्यांच्या बेरजेवर सारे ठरे.

ब्राउन्स हा त्या सोळा संघांतला अत्यंत गरीब संघ होता. १९३५ च्या अख्ख्या मोसमात त्यांच्या घरच्या मैदानावर ८०,९२२ प्रेक्षक आले, म्हणजे सामन्यागणिक जेमतेम हजारभर. मैदान ब्राउन्सच्या मालकीचे होते आणि नॅशनल लीगमधला कार्डिनल्स संघ तिथे भाडेकरू होता, पण शहराचे प्रेम भाडेकरूवर होते. अखेर मालक डोनाल्ड बार्न्स यांनी संघ लॉस एंजलिसला हलवायचे ठरवले. त्या प्रस्तावावर लीगच्या सभेत ८ डिसेंबर १९४१ रोजी मतदान व्हायचे होते. आदल्या दिवशी, ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरवर हल्ला झाला. पश्चिम किनाऱ्यावर संघ नेण्याची गोष्ट त्या परिस्थितीत कोणी विचारात घेणेच शक्य नव्हते, आणि प्रस्ताव फेटाळला गेला. ज्या युद्धामुळे ब्राउन्स जिंकले असे म्हणतात, त्याच युद्धाने त्यांना सेंट लुईसमध्ये अडकवूनही ठेवले होते, हे आधी ध्यानात घ्यावे.

खेळ चालू ठेवावा की नाही, हा प्रश्न बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश लँडिस यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना विचारला. १५ जानेवारी १९४२ च्या उत्तरात रूझवेल्ट यांनी लिहिले की बेसबॉल चालू राहणे देशाच्या हिताचे आहे असे आपल्याला मनापासून वाटते. तीनशे संघांत पाच-सहा हजार खेळाडू लागतात, आणि त्यांच्यामुळे निदान दोन कोटी नागरिकांना विरंगुळा मिळतो, असा त्यांचा हिशेब होता. दिवसपाळीच्या कामगारांना सामने पाहता यावेत म्हणून रात्रीचे सामने वाढवावेत, असेही त्यांनी सुचवले. मात्र त्याच पत्रात त्यांनी हेही स्पष्ट केले होते की सैन्यात जाण्याच्या वयाचे जे खेळाडू आहेत त्यांनी विनातक्रार सैन्यात जावे. म्हणजे खेळाला परवानगी होती, खेळाडूंना सूट नव्हती. जो डिमॅजिओ, टेड विल्यम्स, बॉब फेलर, हँक ग्रीनबर्ग अशी त्या काळातली सर्वांत मोठी नावे गणवेशात गेली.

उरले कोण? वयाने फार मोठे, वयाने फार लहान, आणि सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत नापास झालेले. या शेवटच्या वर्गाला तिकडे फोर-एफ म्हणत, आणि १९४४ च्या ब्राउन्सच्या यादीत असे १८ जण होते. शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या मैदानातला क्षेत्ररक्षक, व्हर्न स्टीफन्स याचा गुडघा अधू होता. कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा, फ्रँक मँकुसो आधी पॅराशूट दलात दाखल झाला होता. प्रशिक्षणातल्या एका उडीत तो वाईट जखमी झाला आणि सैन्याने त्याला घरी पाठवले. पुढे कॅचर म्हणून खेळताना मान वर करून सरळ आकाशात गेलेला चेंडू पाहणे त्याला जड जाई. सिग जकूकी हा पिचर, म्हणजे गोलंदाज, १९३६ नंतर मोठ्या लीगमध्ये दिसलाच नव्हता. टेक्सासमध्ये हौशी आणि अर्धव्यावसायिक संघांकडून खेळत होता. दारूपायी त्याच्या नावावर अनेक भानगडी होत्या.

मोसमाची तयारीही निराळीच झाली. रेल्वेगाड्या सैन्यासाठी मोकळ्या ठेवायच्या असल्यामुळे संघांनी सरावासाठी फ्लॉरिडाला किंवा कॅलिफोर्नियाला जाऊ नये, असे ठरले होते. ब्राउन्सचा सराव सेंट लुईसच्या दक्षिणेला, मिसिसिपीच्याच काठी, केप जिराडो या मिसुरीतल्या गावी झाला. मार्च महिन्यात तिथे बोटे गारठतील इतकी थंडी असते. पण एप्रिलमध्ये मोसम सुरू झाला आणि ब्राउन्सने पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. अमेरिकन लीगमध्ये अशी सुरुवात तोवर कोणीच केली नव्हती. उन्हाळाभर ते बहुतेक काळ आघाडीवर राहिले, सप्टेंबरमध्ये ती आघाडी हातची गेली, आणि शेवटचे चार सामने उरले तेव्हा डेट्रॉइट टायगर्स एका सामन्याने पुढे होते.

त्या चार सामन्यांत डेट्रॉइटची गाठ तळाला असलेल्या वॉशिंग्टनशी होती, तर ब्राउन्सची गतवर्षीच्या जगज्जेत्या न्यूयॉर्क यँकीजशी. शुक्रवार २९ सप्टेंबरला एकाच दिवशी दोन सामने होते आणि ब्राउन्सने दोन्ही जिंकले. पहिला ४-१ असा जॅक क्रेमरच्या, तर दुसरा १-० असा नेल्सन पॉटरच्या पिचिंगवर. डेट्रॉइटने त्या दिवशी एक जिंकला, एक हरला, त्यामुळे बरोबरी झाली. शनिवारी ब्राउन्स २-० ने जिंकले, डेट्रॉइटही जिंकले. रविवार, १ ऑक्टोबर. मोसमाचा शेवटचा दिवस, दोन्ही संघ तंतोतंत बरोबर, आणि ब्राउन्सचा पिचर होता जकूकी. आदल्या रात्री पिणार नाही असे त्याने कबूल केले होते. रात्रीचा शब्द त्याने पाळला, सकाळचा दिला नव्हता, असे त्याचे सहकारी पुढे सांगत.

त्या दिवशी मैदानात सदतीस हजारांहून अधिक लोक होते. ज्या मैदानाने वर्षानुवर्षे रिकामी बाकडी पाहिली, तिथे उभे राहायला जागा नव्हती. यँकीजने सुरुवातीला २-० अशी आघाडी घेतली. सामना चालू असतानाच वॉशिंग्टनने डेट्रॉइटला ४-१ असे हरवल्याची बातमी फलकावर आली, आणि हा सामना जिंकला की पेनंट आपले, हे साऱ्या मैदानाला कळले. चौथ्या इनिंगमध्ये चेट लाब्जने दोन धावांचा होम रन (षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका) मारून बरोबरी केली. पाचव्या इनिंगमध्ये त्यानेच पुन्हा दोन धावांचा होम रन मारला. आठव्या इनिंगमध्ये स्टीफन्सने आणखी एक भर घातली आणि सामना ५-२ असा संपला. हा लाब्ज त्या वर्षी युद्धसाहित्याच्या कारखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात खेळत होता, त्यामुळे निम्मा मोसम त्याला खेळताच आले नव्हते. त्या रविवारच्या आधी साऱ्या मोसमात त्याचे फक्त तीन होम रन झाले होते.

ब्राउन्स ८९ विजय, ६५ पराभव. डेट्रॉइट ८८ आणि ६६. साडेपाच महिन्यांनंतर फरक एका सामन्याचा.

दशांश

मिसिसिपीकाठ यांनी मोसमाचे चित्र सुरेख उभे केले आहे. मी मूळ प्रश्नाकडे, म्हणजे 'न्याय्य आहे का' याकडे वळतो, आणि आकड्यांचा आधार घेतो.

शेऱ्याच्या बाजूने जे आहे ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. १९४४ च्या यँकीज संघात डिमॅजिओ, डिकी, गॉर्डन, रिझुटो, केलर, हेन्रिक, रफिंग यांपैकी कोणीही नव्हते. बोस्टन रेड सॉक्स तर ऑगस्टपर्यंत शर्यतीत होते. मग त्यांचा १८ सामने जिंकून ५ हरलेला पिचर टेक्स ह्यूसन आणि .३२५ सरासरीचा (म्हणजे दर हजार संधींमागे ३२५ यशस्वी फटके) बॉबी डोअर हे दोघे ऐन मोसमात सैन्यात गेले, आणि तो संघ ७७ विजय, ७७ पराभव इथवर घसरला. खेळाडू परत आल्यावर १९४६ मध्ये ब्राउन्स सातव्या स्थानावर गेले, हेही खरे आहे.

पण याच आकड्यांचे उरलेले अर्धे सहसा कोणी सांगत नाही. १९४२ मध्ये डिमॅजिओ आणि विल्यम्स दोघेही अजून खेळत होते, आणि त्या वर्षी हेच ब्राउन्स ल्यूक सीवेल यांच्या मार्गदर्शनाखाली ८२ सामने जिंकून तिसरे आले होते. म्हणजे संघ वर येऊ लागला तो युद्धाने लीग ओस पडण्याच्या आधीच. ब्राउन्सचे कोणी गेले नाही, असेही नाही; त्यांचा मधल्या मैदानावरचा मुख्य खेळाडू वॉल्ट जुडनिक १९४३ ते १९४५ सैन्यात होता. आणि जे फोर-एफ म्हणून राहिले ते कमी दर्जाचे होते, हे गृहीतकही तपासून घ्यावे. स्टीफन्सने १९४४ मध्ये आपल्या फलंदाजीने संघाच्या १०९ धावा आणवून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. हाच स्टीफन्स १९४९ मध्ये, सारे परतून आलेले असताना, रेड सॉक्सकडून टेड विल्यम्सच्या बरोबरीने १५९ धावा आणवून पुन्हा पहिला आला. डेट्रॉइटच्या हॅल न्यूहाउझरला हृदयाच्या विकारामुळे सैन्याने नाकारले होते. १९४४ मध्ये त्याने २९ सामने जिंकले तेव्हा 'समोर कोण होते' असा प्रश्न विचारला गेला, आणि १९४६ मध्ये समोर सगळे असताना त्याने २६ जिंकून त्याचे उत्तर दिले. या न्यूहाउझरच्या संघाला एका सामन्याने मागे टाकून ब्राउन्स जिंकले आहेत.

सैन्याची तपासणी माणूस लढायला, कूच करायला योग्य आहे का हे पाहत होती. बेसबॉल येतो का, हे ती पाहत नव्हती. 'उरलेले' या शब्दाने हा भेद पुसला जातो.

परिघाबाहेर

चर्चा आवडली. एका मुद्द्याची भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण त्याशिवाय या शेऱ्याचा पाया दिसत नाही. युद्धाच्या आधीची लीग 'पूर्ण' होती आणि युद्धाने ती 'अपुरी' झाली, असे गृहीत धरूनच तो शेरा मारला जातो. पण १९४१ ची लीग तरी पूर्ण होती का? दोन्ही लीगमधल्या सोळाही संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. जोश गिब्सन, सॅचेल पेज, कूल पापा बेल यांच्यासारखे लोक कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळत होते. ज्या १९४४ मध्ये संघांना खेळाडू मिळेनात, सिनसिनाटीने जून महिन्यात जो नक्सहॉल या १५ वर्षांच्या शाळकरी पोराला पिचिंगला उभे केले, त्याच वर्षी गिब्सनचा होमस्टेड ग्रेज हा संघ बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सला हरवून निग्रो लीगचा विजेता झाला. पंधरा वर्षांचा मुलगा चालला. गिब्सन चालला नाही. १९४४ चे मोल कमी करताना जे आठवते, ते युद्धाआधीच्या १९२७ किंवा १९४१ चे मोल ठरवताना का आठवत नाही, असा प्रश्न मला या निमित्ताने विचारावासा वाटतो.

स्पोर्ट्समन्स पार्कचा याच्याशी सरळ संबंध आहे. मोठ्या लीगच्या मैदानांपैकी प्रेक्षकांना वर्णावरून वेगळे बसवण्याची पद्धत तिथे सर्वांत शेवटपर्यंत टिकली. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजव्या बाजूच्या पॅव्हेलियनमध्येच जागा मिळे. ती पद्धत बंद झाली १९४४ मध्ये, म्हणजे नेमक्या याच मोसमात. खेळाडूंच्या बाबतीत बदल व्हायला आणखी तीन वर्षे लागली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या मोठ्या लीगमधल्या त्या काळच्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूनंतर काही महिन्यांतच ब्राउन्सने हँक थॉम्पसन आणि विलर्ड ब्राउन यांना घेतले. अमेरिकन लीगमध्ये होम रन मारणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू हा विलर्ड ब्राउनच. पण महिनाभरातच संघाने दोघांनाही सोडून दिले. ते प्रकरण या संघाच्या इतिहासातले मला सर्वांत क्लेशदायक वाटते, आणि ब्राउन्सबद्दल आपुलकी असणाऱ्यांनीही ते विसरू नये.

धावफलक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'परिघाबाहेर' यांच्या मुद्द्यावर मला विचार करावा लागेल. माझ्या पंचरंगीच्या टिपणांनाही तो लागू होतो, कारण ते संघ धर्मानुसार पाडलेले होते आणि त्याविरुद्ध गांधीजींनी १९४० मध्येच मत दिले होते. मी त्या सामन्यांतल्या धावा मोजत बसलो, पण कोण कोणत्या संघातून का खेळत होता हे वेगळ्या रकान्यात कधी लिहिले नाही.

मिसिसिपीकाठ यांना दोन गोष्टी विचारतो. वर्ल्ड सिरीजचे पुढे काय झाले? आणि नोकरी करून खेळणे हे प्रत्यक्षात कसे जमत असे? खेळाडू कारखान्यातून मैदानावर येतो, हे वाचताना सोपे वाटते, पण १५४ सामन्यांच्या मोसमात ते शक्य तरी कसे झाले?

मिसिसिपीकाठ

वर्ल्ड सिरीज आधी सांगतो, कारण तिचा शेवट ब्राउन्सच्या बाजूचा नाही. नॅशनल लीगमध्ये कार्डिनल्सनी १०५ सामने जिंकून सलग तिसरे पेनंट घेतले होते, त्यामुळे १९४४ ची वर्ल्ड सिरीज एकाच शहरातल्या, एकाच मैदानावरच्या, घरमालक आणि भाडेकरू अशा दोन संघांत झाली. प्रवासाचा दिवस लागतच नव्हता. ४ ते ९ ऑक्टोबर असे सलग सहा दिवस सहा सामने झाले. दोन्ही संघांचे मॅनेजर, ब्राउन्सचे ल्यूक सीवेल आणि कार्डिनल्सचे बिली साउथवर्थ, हे मोसमभर लिंडेल टॉवर्स या इमारतीतले एकच घर वापरत होते. एक संघ शहरात असला की दुसरा बाहेरगावी असे, त्यामुळे घरांच्या युद्धकाळातल्या टंचाईत त्यांना हे सोयीचे पडले होते. ऑक्टोबरमध्ये दोघेही एकदम शहरात आल्यावर एकाला त्याच इमारतीत दुसरी जागा पाहावी लागली.

ब्राउन्सने पहिला सामना २-१ असा जिंकला. सामन्यात त्यांना फक्त दोन फटके मिळाले, पण त्यांतला दुसरा जॉर्ज मॅक्विनचा दोन धावांचा होम रन होता. तिसरा सामनाही त्यांनी ६-२ असा घेतला आणि तेव्हा ते २-१ असे पुढे होते. नंतरचे तिन्ही सामने कार्डिनल्सनी जिंकले. सहा सामन्यांत ब्राउन्सकडून क्षेत्ररक्षणाच्या दहा चुका झाल्या, कार्डिनल्सकडून एक. फलंदाजीची सरासरी .१८३ राहिली. तिथे मात्र स्टॅन म्युझिअल आणि मार्टी मॅरियन असलेला संघ सरस होता, यात शंका नाही. म्युझिअल पुढच्या जानेवारीत नौदलात गेला. साउथवर्थ यांचा मुलगा विमानदलात मेजर होता; सिरीजनंतर चार महिन्यांनी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, न्यूयॉर्कजवळ बी-२९ विमानाच्या अपघातात तो गेला.

आता नोकरीबद्दल. पहिला सामना ज्याने जिंकून दिला तो पिचर डेनी गेलहाउस याचेच उदाहरण घेऊ. तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात गुडइयरच्या विमानाच्या कारखान्यात आठवड्याचे सहा दिवस काम करत असे. शनिवारी काम आटोपले की तो रात्रीची आगगाडी पकडे, संघ ज्या शहरात असेल तिथे रविवारी सकाळी उतरे, रविवारच्या दोन सामन्यांपैकी पहिल्यात पिचिंग करे आणि लगेच परतीची गाडी धरून सोमवारी कारखान्यात हजर होई. मधल्या आठवड्यात सराव नाही, संघाबरोबर राहणे नाही. फलंदाजाला हे जमणे कठीण, कारण त्याची गरज रोज असते. पिचर तसाही चार-पाच दिवसांतून एकदाच खेळतो, म्हणून हा बेत काही काळ तरी निभावला. पण आगगाडीत रात्र काढून पूर्ण सामना टाकणे शरीराला मानवेना. शेवटी मोसमाच्या मध्यावर त्याने सैन्यभरतीच्या मंडळाकडे आपल्यावर केव्हा पाळी येईल याची चौकशी केली, आणि मोसम संपेपर्यंत बोलावणे येण्याचा संभव कमी आहे असे कळल्यावर कारखाना सोडून तो संघात पूर्ण वेळ दाखल झाला. कारखान्याची नोकरी सोडणे म्हणजे भरतीपासून मिळालेले संरक्षण सोडणे होते. मोसमात तो ९ जिंकला आणि १० हरला, म्हणजे आकड्यांत त्याचे काही विशेष दिसत नाही. पण यँकीजविरुद्धचा शनिवारचा २-० चा सामना त्याचा होता, आणि वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात त्याने दहा फलंदाज बाद केले. समोर मॉर्ट कूपरने बारा बाद केले आणि दोन होम रनच्या जोरावर कार्डिनल्स २-० ने जिंकले.

दशांश

आपण १९४४ वर थांबलो आहोत, पण पुढच्या वर्षीच्या पीट ग्रेबद्दल कोणी लिहिले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. युद्धकाळातल्या बेसबॉलला कमी लेखणारे सर्वांत आधी त्याचेच नाव घेतात, म्हणून त्याच्याबद्दल नीट लिहिलेले असावे असे वाटते.

मिसिसिपीकाठ

आपण आठवण केली हे बरे झाले. पीट ग्रे हा पेनसिल्व्हेनियातल्या नँटिकोक या खाणकामगारांच्या गावचा. लहानपणी गाडीवरून पडून चाकात सापडल्यामुळे त्याचा उजवा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मूळचा तो उजव्या हाताचा, त्यामुळे डाव्याने फटका मारायला तो नव्याने शिकला. ब्राउन्सने त्याला १९४५ मध्ये घेतले ते तमाशा म्हणून, असे सर्रास म्हटले जाते. गर्दी त्याला पाहायला येत होती आणि मालकांना गर्दी हवी होती, हे नाकारता येत नाही. पण १९४४ मध्ये मेंफिस संघाकडून तो .३३३ सरासरीने खेळला होता, त्याने ६८ बेस चोरले होते (फटका नसतानाच पळून पुढचा टप्पा गाठला होता) आणि सदर्न असोसिएशन या लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली होती. कुठल्याही दोन हातांच्या खेळाडूला एवढ्या कामगिरीवर मोठ्या लीगचे बोलावणे आले असते.

ब्राउन्सकडून तो ७७ सामने खेळला. सरासरी .२१८ राहिली. पिचरांना लवकरच उमगले की एका हाताने जड बॅट एकदा फिरवायला सुरुवात केली की त्याला ती मध्येच थांबवता येत नाही, आणि ते त्याला वळणारे, हळू पडणारे चेंडू टाकू लागले. तरीही २३४ वेळा फलंदाजीला उभा राहून तो फक्त ११ वेळा स्ट्राइक-आउट झाला, म्हणजे फटका न लागताच बाद झाला. संघातल्या काहींना वाटे की त्याच्यामुळे आपले दुसरे पेनंट हुकले; त्या वर्षी ब्राउन्स तिसरे आले. काहींनी त्याला जवळ केले नाही, आणि तोही कोणाची कीव खपवून घेणारा नव्हता. हात-पाय गमावलेले सैनिक ज्या रुग्णालयांत होते तिथे तो जात असे, त्यांच्याशी बोलत असे.

मैदानावर तो चेंडू कसा परत फेके, हे सांगून थांबतो, कारण तेच पाहायला लोक येत. त्याने आपल्या ग्लव्हमधले बरेचसे भरण काढून टाकले होते आणि करंगळी बाहेर ठेवलेली असे. चेंडू ग्लव्हमध्ये आला की तो ग्लव्ह उजव्या खांद्याच्या उरलेल्या भागाखाली दाबून धरे, चेंडू छातीवरून घरंगळू देई, तो खाली पडण्याआधी मोकळ्या झालेल्या डाव्या हातात घेई आणि त्याच वेगात फेकी. हे सारे एका हालचालीत होई.